मुलींच्या शर्यतीत पहिले आलेले आप्पासाहेब

काष्टी,
चैत्रातली एक तापलेली दुपार

थोरले साडू आप्पासाहेब यांना धाकट्या साडूचा, म्हणजे कानिफनाथाचा, वाकून नमस्कार. (वाकल्यावर कंबर धरते, म्हणून मनातल्या मनात वाकलो आहे. तुम्हीही आशीर्वाद बसूनच द्यावा, उठू नये.)

इकडे सगळे बरे आहेत. माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून त्या डोळ्याला जग निळसर दिसतं आणि उजव्याला पिवळट. दोन्ही मिळून हिरवं दिसायला हवं, पण चैत्रात आमच्याकडे हिरवं दिसायला डोळ्यापेक्षा पाणी लागतं. आमच्या रतनबाईंचा गुडघा तुमच्या गुडघ्याची आठवण काढतो. तुमची साखर आटोक्यात आहे असं तुम्ही कळवलंत, आणि आंब्याची पेटी संपली असं लंकाबाईंनी कळवलं. दोन्ही बातम्या ऐकून समाधान वाटलं. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही बोलायचं आणि मी हुंकार द्यायचा, हा आपला लग्नापासूनचा शिरस्ता. आज मला बोलायचं आहे. म्हणून पत्र.

तर सर्वप्रथम तुमचं मनापासून अभिनंदन. आमच्या यात्रेतल्या मुलींच्या सायकल शर्यतीत तुम्ही पहिले आलात.

हे वाचून तुम्हाला नवल वाटणार नाही हे मला ठाऊक आहे. सावेडीत तुम्ही अभिनंदनं स्वीकारायला लागलात, आणि कुणी फारच खोदून विचारलं तर 'सरावाची गोष्ट आहे' एवढंच म्हणून जिना किंचित लंगडत चढता, असं लंकाबाईंनी रतनबाईंना सांगितलं आहे. पण हे घडलं कसं ते तुम्हाला नीट कळलेलं नसणार. तुम्ही जिंकलात, पण तिथं नव्हता. मी तिथं होतो, पण टीव्ही पाहत होतो.

यंदा यात्रेला बैलगाड्यांच्या शर्यतीची परवानगी कुठंतरी अडकली. कमिटीनं मैदान फळी मारून सपाट करून ठेवलेलं, मांडव घातलेला, आणि मुख्य म्हणजे 'भैरोबा लाईव्ह'वाले ठरवून ठेवलेले. (भैरोबा लाईव्ह म्हणजे दोन कॅमेरे, एक ड्रोन आणि एक छगन. छगन म्हणजे बैलगाड्यांचा समालोचक. आवाज असा की माइक बंद पडला तरी दौंडला कळत नाही.) आता मांडव रद्द करता येतो, आचारी रद्द करता येतो, पण लाईव्ह रद्द करता येत नाही, कारण त्याची जाहिरात चार तालुक्यांच्या मोबाईलवर फिरलेली असते. मग पारावर बैठक बसली की बैल नाहीत तर पळवायचं काय. कुणी घोडे म्हणालं, कुणी म्हातारे म्हणालं. (माझ्याकडे पाहून.) शेवटी सायकली ठरल्या. पोरांची शर्यत ठेवली तर निम्मी पोरं सायकल सोडून एकमेकांच्या अंगावर जातात हा मागचा अनुभव, म्हणून फक्त मुलींची. कोळगावपासून आमच्या यात्रेच्या मैदानापर्यंत. इतर देशांत शर्यत असते म्हणून टीव्हीवाले येतात. आमच्याकडे टीव्हीवाले येणार होते म्हणून शर्यत झाली.

आमच्या नातीनं, सुनीलच्या ज्ञानेश्वरीनं, नाव दिलं. सायकल कुठली, तर तुमची. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून तुम्ही ती बारीक चाकांची सायकल घेतलीत, पहिल्याच सकाळी शेजाऱ्यांच्या मेंदीच्या कुंपणात शिरलात, आणि मग ती तुमच्या गॅलरीत उभी राहून लंकाबाईंचे टॉवेल वाळवत होती. दिवाळीत पोरीनं ती मागितली आणि तुम्ही मोठ्या मनानं दिलीत. देताना चारचौघांत म्हणालात, चालव बिनधास्त, पण मालक मीच. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

पोरीला तेव्हापासून सायकलीचं वेडच लागलं. सुट्टीत बारामतीला सायकलपटूंचं एक शिबिर आहे, तिथं जायचं म्हणते. तिची आई तिच्या बाजूची. सुनील मात्र आपल्या घराण्याचा; नाही म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही. शेवटी जेवताना म्हणाला की शर्यतीत नाव होऊ दे, साऱ्या गावानं ऐकू दे, मग शिबिराला पाठवतो; नाहीतर सायकल आप्पांच्या गॅलरीत. एवढं सगळं त्या एका दिवसावर टांगलेलं होतं.

तिच्या तयारीत माझा वाटा होता तो वृत्तांचा. हसू नका. मी श्रीगोंद्याला शाळेत सायकलवर जायचो तेव्हा आमचे मराठीचे गुरुजी फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा काढायचे, आणि मला त्या खुणांत पायडल दिसायचं. उतारावर भुजंगप्रयात म्हणत जावं: लगागा लगागा लगागा लगागा, पाय आपोआप फिरतात. उलट्या वाऱ्याला मंदाक्रांता, कारण ते मुळातच दमानं चालतं. चढाला ओवी बरी, श्वास पुरतो. (शार्दूलविक्रीडितात मात्र मी एकदा ओढ्यात गेलो होतो. ते वृत्त सायकलीचं नाही, ते पायी चालणाऱ्या पुढाऱ्याचं आहे.) अजूनही कधी डोळे मिटले की त्या रस्त्याची बाभळीची सावली आणि चामड्याच्या सीटचा कुरकुर आवाज आठवतो आणि एखादी कविता तोंडात येते, तिसऱ्या कडव्यापर्यंत, चौथं कधीच पाठ झालं नाही, कारण तिसऱ्या कडव्याला शाळा यायची. हे सगळं मी ज्ञानेश्वरीला शिकवलं. आईसमोर ती मान हलवायची आणि रस्त्यावर गेल्यावर विसरायची, असं मला वाटायचं.

आता टीव्हीविषयी. फ्रान्समध्ये उन्हाळ्यात ती मोठी सायकल शर्यत होते, ती मी न चुकता पाहतो. शर्यतीतलं मला ओ की ठो कळत नाही. कोण पुढं, कोण मागं, पिवळा सदरा कुणाला आणि का, हे विचारू नका. पण ते लोक हेलिकॉप्टरातून काय दाखवतात, आप्पासाहेब! सूर्यफुलांची शेतं, नदीवरचे दगडी पूल, टेकडीवरची जुनी देवळं, गायी. सायकलवाले मध्येच कुठंतरी रंगीत मुंग्यांसारखे जातात आणि आपल्याला त्रास देत नाहीत. टीव्हीवर शर्यत दाखवावी तर अशी, शाळेतल्या निसर्गकवितेसारखी. त्यामुळे आपल्या मुलखाची शर्यत टीव्हीवर दिसणार म्हटल्यावर मी नवा सदरा घालून बसलो. सुनीलनं मोबाईलवरचं चित्र टीव्हीला जोडून दिलं आणि तो मैदानावर गेला. शर्यत आमच्या दारावरूनच जाणार होती, म्हणून रतनबाई खुर्ची घेऊन रस्त्याकडेला बसायला निघाल्या. मलाही बोलावलं. मी म्हणालो, दारातून एक क्षण दिसेल. इथं सगळं दिसेल.

सगळं दिसलं. फक्त शर्यत दिसली नाही.

त्यात बिचाऱ्या लाईव्हवाल्यांचाही दोष नाही. त्यांचा हात बसलेला बैलगाड्यांवर. बैलगाडी झेंडा पडल्यापासून निशाणापर्यंत पान लावायच्या आत पोचते. म्हणून त्यांचा एक कॅमेरा सुरुवातीला आणि एक शेवटाला, मधल्याची त्यांना सवयच नाही. कोळगावात झेंडा पडला, मुली सुटल्या, कॅमेऱ्यानं मान वळवून त्यांच्या पाठी पाहिल्या, आणि मग त्याच्यापुढं उरला रिकामा रस्ता. छगननं सवयीप्रमाणे एका दमात सगळी आरोळी ठोकून टाकली, आणि श्वास घेतला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की अजून तासभर काढायचा आहे. मग पशुखाद्याची जाहिरात झाली. मांडवातल्या पाहुण्यांची नावं झाली. मग ज्यांची नावं राहिली त्यांची नावं झाली. मग पशुखाद्य.

शेवटी ड्रोन उडवला. मला वाटलं आता सूर्यफुलं. ड्रोन मढेवडगावाकडे गेला, त्याला खाली काहीतरी वेगानं जाताना दिसलं, आणि तो त्याच्या मागं लागला. तो कांद्याचा टेम्पो होता. बराच वेळ आम्ही कांदा पाहिला. (कांदा चांगला होता, डबल पत्तीचा.) मग त्याला एक सायकल सापडली. गडी हँडलला दळणाची पिशवी लावून गिरणीतून घरी निघाला होता. छगनला वाटलं शर्यत हीच, आणि मुलींची आहे हे तो तोवर विसरला होता. गड्याचं त्यानं एवढं कौतुक केलं, की वजन घेऊन पळतोय, मान खाली आहे, इकडंतिकडं बघत नाही, घरंदाज चाल आहे. पुढं तो गडी एका वस्तीवर वळला, सायकल भिंतीला लावली आणि आत गेला. छगन म्हणाला, 'मंडळी, गाडी इश्रांतीला थांबली.' आम्ही त्या बंद दाराकडे पाहत बसलो. टीव्हीच्या कोपऱ्यात कुणीतरी लाल बदाम पाठवत होतं.

मधूनमधून छगनच्या हातात वाटेवरच्या गावांतून चिठ्ठी किंवा फोन येई, आणि तो गाड्यांचा क्रम सांगे. इथं मी पहिल्यांदा कान टवकारले, कारण त्यात मुलींची नावंच नव्हती. लोणीचे अमुक शेठ तिसरे, पारगावचे तमुक नाना दुसरे, आणि पुढं, सर्वांच्या पुढं, 'सावेडीचे आप्पासाहेब!' आप्पासाहेबांचा पाय बघा म्हणाला. आप्पासाहेब आज कुणाला ऐकत नाहीत म्हणाला. आप्पासाहेब अजून आदत गटातच आहेत, पण दोन वर्षांत मोठं नाव काढणार म्हणाला. (आदत म्हणजे ज्या खोंडाचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत ते. तुमची कवळी मी डोळ्यांनी पाहिलेली असल्यामुळे मला ठसका लागला.)

नेमका त्याच वेळी बाहेर रस्त्यावर गलका झाला. शिट्ट्या, टाळ्या, पोरांचा आरडाओरडा. छगन काय बोलतो ते ऐकू येईना, म्हणून मी उठलो आणि खिडकी लावून घेतली.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. जरा वेळानं रतनबाई घामानं निथळत आत आल्या. 'अवं, पोरगी गेली की म्होरं, समद्यांच्या म्होरं! तुमी काय बघताय?' मी टीव्हीकडे बोट केलं. तिथं अजून त्या दळणवाल्याचं बंद दार होतं. लाईव्ह म्हणतात ते रस्त्याच्या कितीतरी मागं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी विचारलं, कशी दिसत होती? त्या म्हणाल्या, दिसायला काय, लालबुंद झालती, आणि ओठ सारखे हलत हुते, देवाचं नाव घेत असंल.

देवाचं नाव नव्हतं ते. लगागा होतं. फ्रान्सची सूर्यफुलं मी आयुष्यभर पाहिली, आणि माझ्या नातीच्या तोंडातला भुजंगप्रयात माझ्या खिडकीसमोरून गेला तेव्हा मी कडी लावत होतो. असो.

शेवटही सांगतो, म्हणजे तुमचा विजय पुरा होईल. मैदानावरचा कॅमेरा निशाणावर रोखलेला होता, पण सत्कार उरकत आणायचे होते, म्हणून त्याला मांडवाकडे वळवलेलं. एका पाहुण्यांना शाल घालत होते. शाल मोठी, पाहुणे लहान. त्या शालीच्या काठाखालून एक पुढचं चाक रेघ ओलांडताना दिसलं, फक्त चाक. पंचांना तेवढं पुरलं, बैलाचंही ते नाकच पाहतात. आणि छगननं आकाश फाडलं: मुलींच्या शर्यतीत पहिला नंबर, सावेडीचे आप्पासाहेब.

मी आणि रतनबाई मैदानावर पोचलो तेव्हा गुलाल उडत होता, हलगी वाजत होती, आणि मधोमध तुमची सायकल होती. तिच्या हँडलला झेंडूचा हार. सीटला गुलाल. एक बाई तिच्या पुढच्या चाकावर पाणी घालून हळद-कुंकू लावत होती. बैल जिंकला की आपण जे करतो ते सगळं. पोरगी पाण्याच्या टँकरपाशी एकटी उभी होती; तिच्या अंगावर गुलालाचा ठिपका नाही. मला पाहून म्हणाली, 'आबा, सगळे सायकलच्या पाया पडले. मला म्हणले, बाजूला हो, फोटोत येतीस.' पलीकडं सुनील उभा होता, हाताची घडी घालून. नाव झालं होतं, गावानं ऐकलं होतं, फक्त ते तुमचं होतं.

मी छगनला गाठलं. तो काही वाईट माणूस नाही. त्यानं समजावून सांगितलं की नोंद करताना बैलगाड्यांच्या रिवाजानं 'गाडी कुणाची' असं विचारलं, आणि पोरीनं खरं ते सांगितलं. गाडी ज्याची, नाव त्याचं. सगळ्याच मुलींचं तसंच झालं आहे, एकीच्या मामाचा तिसरा नंबर आला. 'आबा, तुमची नात गाडीवान हाय. गाडीवानाला आमी शेवटाला टोपी-टॉवेल देतो की.' कविता पाठ असणाऱ्या माणसाला ऐन वेळी गद्य सुचत नाही. पण रतनबाई पदर खोचून पुढं झाल्या आणि म्हणाल्या, 'छगन, तुझ्या वरातीला घोडी भाड्याची हुती ना? मग लगीन घोडीवाल्याचं लागलं का रं?'

हलगी थांबली. छगन लाजला. पण कमिटीचे अध्यक्ष मध्ये पडले, आणि त्यांचं म्हणणं असं की लाईव्हला गेलं ते गेलं, एवढ्या लोकांनी टीव्हीवर पाहिलेलं खोटं कसं म्हणायचं. आता मालक स्वतः येऊन माइकवर काही सांगतील तर गोष्ट वेगळी. येत्या रविवारी बक्षिसं आहेत. तुम्हाला फेटा बांधून मैदानात आणायचं ठरलं आहे. तोवर सुनील शिबिराचा विषय टाळतो, पोरगी जेवत नाही, आणि सायकलीच्या साखळीत गुलाल अडकून ती कुरकुरते आहे.

असो, पत्र लांबलं. तुमच्या यशानं आम्हा सर्वांना आनंद झाला आहे. रविवारी अवश्य यावं, लंकाबाईंना आणावं, यात्रेचं मटण आहे, तुमच्यासाठी तिखट कमी ठेवू. मुलाबाळांना आशीर्वाद, शेजाऱ्यांच्या मेंदीच्या कुंपणाला नमस्कार.

तुमचा,
कानिफनाथ

ता. क. पत्राचं खरं काम वर लिहायचं राहिलं. रविवारी फेटा बांधून घ्या, शाल घ्या, नारळ घ्या, ढालही घरी न्या, टीव्हीवर दिसा. तुम्हाला फेटा शोभतो हे मी मनापासून म्हणतो. पण माइक हातात आला की आभार मानण्याआधी एकदा ज्ञानेश्वरीचं नाव घ्या, मोठ्यानं, तिच्या बापाला ऐकू जाईल असं. नाव घेऊन झालं की म्हणायला दोन ओळी जुळवून दिल्या आहेत, चालीवर म्हणाव्यात:

निघाली कशी ही गिरी पार वेगे
उन्हाला न मोजी, धुळीला न रागे

(काष्टीच्या रस्त्यावर गिरी नाही हे मला माहीत आहे. वृत्तात बसतो म्हणून घेतला.)

ता. क. २. सायकल परत मागू नये. तुमच्या गॅलरीत टॉवेलांसाठी दोरी मी स्वतः येऊन बांधून देतो.

ता. क. ३. हे पत्र पाकिटात घालण्याआधी रतनबाईंनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, एवढं लिहायचं काय कारण होतं, ताईशी माझं कालच बोलणं झालंय. लंकाबाईंनी म्हणे सगळं ऐकून घेतलं आणि एका वाक्यात निकाल दिला: रविवारी एकतर तुम्ही पोरीचं नाव घ्यायचं, नाहीतर त्याच सायकलवर बसून मैदानाला एक फेरी मारून दाखवायची. छगनलाही फोन गेला आहे. कॅमेरा यावेळी कुठंही वळणार नाही, असं त्यानं कबूल केलं आहे.

आप्पा आजोबा, मी ज्ञानेश्वरी. आबांची नजर चुकवून लिहिते आहे. साखळी धुऊन तेल दिलंय. फेरी मारायची ठरलीच तर सीट खाली करून ठेवली आहे, आणि वळताना नुसता पुढचा ब्रेक दाबू नका.